बाबल मुंबईक जाता, पास खयचो काढूचो?

मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते थेट ऑगस्ट संपेपर्यंत. होड्या वर ओढल्या, त्यांच्यावर ताडपत्री पडली की मालवणच्या धक्क्याजवळच्या मामीच्या चहाच्या टपरीवर सगळे होडीवाले दिवसभर सापडतात. कामधंदा नसलेल्या माणसांना वाद घालायला विषय लागतो, आणि यंदा तो बाबलने पुरवला. शाळा सुरू व्हायच्या आत त्याला बायको-पोरांना मुंबई दाखवायची होती.

"बायलेचो भाव ठाण्याक रवता. कुडाळाक तुतारी पकडतलंव नि ठाण्याक उतरतलंव. पाच दिवस," तो म्हणाला. "इचारूचा येवढाच, लोकलचो पास काढू की रोज तिकीट?"

सरळ प्रश्न. सरळ उत्तर दिलं असतं तर कट्टा कसला?

पहिला उठला शिप्या. हा बोटीवर असतो, सहा महिने समुद्रात आणि उरलेले आम्हाला शहाणपण शिकवण्यात. "पास-बिस कसले काढतात अजून? लंडनला बघ. 2014 पासून तिथल्या ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, बँकेचं साधं कार्ड चालतं. टेकवायचं आणि आत, टेकवायचं आणि बाहेर. दिवसभर कितीही हिंड, एका ठरलेल्या आकड्याच्या वर पैसे कापत नाहीत. पास काढायचा की नाही हे डोकं तुम्ही चालवायचंच नाही, मशीन चालवतं."

"त्या लंडनात फाटकं आहेत," अण्णा म्हणाले. अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन गावात आले, पण खिशातली सुटी नाणी अजून बोटांनी न बघता मोजतात. "सकाळी आठला ठाणे स्टेशनवर फाटक लाव आणि बाजूला उभा राहून बघ काय होतं ते. कार्ड टेकवायला हात तरी वर येईल का कुणाचा? लोकलला टेकवायचं काही नाही. तिकीट काढ, खिशात ठेव, टीसीने मागितलं तर दाखव. मेट्रोत कार्ड चालतं, लोकलमध्ये चालत नाही. झालं तुझं लंडन."

शिप्याचा मुद्दा खरं तर चांगला होता. खर्चाला दिवसाची मर्यादा असली की पाहुण्याला आधी गणित मांडावं लागत नाही. पण मुंबईत लोकल रेल्वेची, बस बेस्टची आणि मेट्रो तर एकाहून अधिक कंपन्यांची, त्यामुळे एका दिवसाची बेरीज करायची कुणी हाच पहिला प्रश्न. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई वन नावाचं अ‍ॅप आलं, त्यात सगळ्यांची तिकिटं एका जागी निघतात. सोय आहे. पण एका जागी तिकीट काढणं वेगळं आणि एकच पास सगळीकडे चालणं वेगळं. मेव्हण्याने फोनवर बाबलला "अ‍ॅप घे, सगळा एकच झाला" असं सांगितल्यामुळे नेमका हाच घोटाळा त्याच्या डोक्यात होता.

मास्तरांनी लग्नपत्रिका उलटी केली आणि पेन्सिल काढली. "लोकलचं टुरिस्ट तिकीट असतं. मध्य, पश्चिम, हार्बर, सगळीकडे चालतं. सेकंड क्लासचं एका दिवसाचं 75, तीन दिवसांचं 115, पाच दिवसांचं 135. आता ठाणे ते सीएसएमटी साधं तिकीट 15. जाऊन-येऊन 30. पाच दिवस रोज गेलास तर 150, पास 135. वाचले पंधरा."

"मगे पास," बाबल म्हणाला.

"पाच दिवस रोज जाणार का?"

बाबल गप्प. मग हिशेब सुरू झाला. पहिल्या दिवशी गाडी पहाटेची, माणसं जागरणाने सुजलेली, मेव्हण्याकडे कोंबडी-वडे होणार, त्या दिवशी कोण हलतंय. शेवटच्या दिवशी बायकोची खरेदी, आणि ती ठाण्यातच गावदेवीच्या आसपास. उरले दिवस तीन. तिनाचे साधे तिकिटाने 90, पास 115.

"म्हणजे साधं तिकीट," अण्णा म्हणाले. "25 रुपये वरचे कशाला?"

"मधे उतरायचं झालं तर?" मास्तर सोडेनात. "साध्या तिकिटावर स्टेशनबाहेर पडलास की ते तिकीट संपलं. सीएसएमटीहून दादर, दादरहून पुढे, असे पाचा-दहाचे तुकडे दिवसात दोन झाले तरी पास वसूल. शिवाय रांग. खिडकीवर चार वेळा उभा राहायचं की एकदा?"

इथे बाबल बोलला, आणि मला वाटतं अख्ख्या चर्चेत कामाचं तेवढंच होतं. बाबल सीझनला किल्ल्याची होडी चालवतो आणि सोबत पाण्यातल्या खेळांचं पॅकेज विकतो. "माझ्या पॅकेजात पाच खेळ. पाचांचे दर येगळे लावले तर गिऱ्हाईक घाबारता, म्हणान मी सांगतंय, पॅकेज घेवा, स्वस्त पडात. तो घेता. बनाना राईड करता, बंपर करता, तिसऱ्याक पोटात ढवळूक लागता नि रेतीत जावन बसता. रवलेल्या दोनांचे पैशे मी परत देतंय? माझो सगळो फायदो त्या रेतीत बसलेल्या माणसात आसा. आता तुम्ही माका पास इकतास, तर मी रेतीत बसतलंय की नाय तां आधी माका बघूक होया."

मास्तरांची पेन्सिल थांबली. अण्णा एवढे खूश झाले की दुसरा चहा त्यांनी सांगितला.

पास काढणारा घरात बसून काढतो तेव्हा तो स्वतःला फार चपळ समजतो. सकाळी राणीची बाग, दुपारी गेटवे, संध्याकाळी चौपाटी, जमलं तर हाजी अली. प्रत्यक्षात दुपारी धाकटी रडते, थोरल्याला भूक लागते, बायको म्हणते आता घरी. त्यामुळे पास निवडताना आपण जास्तीत जास्त किती फिरू हे धरू नये. कंटाळलेल्या दुपारनंतर किती फिरू हे धरावं. आणि त्याच्याही आधी, झोपायला कुठे आहोत ते बघावं. बाबलचा मेव्हणा दादरला असता तर सीएसएमटीला जायला 5 रुपये लागले असते आणि टुरिस्ट तिकिटाचा विषय एका वाक्यात संपला असता. विरारला असता तर उलटा निकाल लागला असता. ठाणे बरोबर मधे पडतं म्हणून आमचा दीड तास गेला, माणशी 25 रुपयांसाठी. चहाचं बिल त्याहून जास्त झालं, पण ते असो.

शिप्या मोबाइलवर शोधून पुन्हा आला. "मेट्रोचा अमर्याद पास आहे. एक दिवस 80, तीन दिवस 200!"

"कुठल्या मेट्रोचा?"

"दोन अ आणि सात."

"म्हणजे दहिसर-अंधेरीकडचा," अण्णा म्हणाले. "ठाण्याचा पाहुणा तिकडे तीन दिवस काय करणार? नॅशनल पार्कला एकदा जाईल, पार्कच्या नावाचं स्टेशन आहे खरं. एकदा जायला अमर्याद पास?"

त्यापेक्षा मास्तरांनी तीन नंबरची भुयारी मेट्रो काढली ती बरी होती. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्टेशनं, 10 पासून 70 पर्यंत तिकीट. सिद्धिविनायक, वरळीचं विज्ञान केंद्र, हुतात्मा चौक, सगळं एकाच लायनीवर. लोकलचं कुठलंही टुरिस्ट तिकीट तिथे चालत नाही, वेगळं काढावं लागतं. अण्णांना मेट्रो आवडत नाही. त्यांच्या मते जमिनीखालून मुंबई बघण्यात काय अर्थ, त्यापेक्षा विहिरीत उतरा. पण पोरांना मेट्रोतच बसायचं असणार हे सगळ्यांना माहीत होतं. मग ठरलं की दादरपर्यंत लोकल, सिद्धिविनायकाचं दर्शन, आणि तिथून हुतात्मा चौकापर्यंत एकदा मेट्रो, हौस म्हणून. हौसेला पास काढत नाहीत.

आता बसचा विषय आला आणि अण्णा सरसावून बसले.

"ऐक. 2025 च्या मे महिन्यात बेस्टने भाडं वाढवलं. साध्या बसचं पाचाचं 10 झालं, एसीचं सहाचं 12. डबल! पण दिवसाचा पास 60 चा होता तो 75 झाला, फक्त पाव पटीने वाढला. पूर्वी पाचाच्या तिकिटावर पास वसूल करायला बारा वेळा चढावं लागायचं. कोण चढतोय बारा वेळा? आता एसीत सात वेळा चढलास की झालं. सहा वेळांचे 72, सातवी तीन रुपयांत. लोक भाडेवाढीला शिव्या देतात, पण पास पहिल्यांदाच घेण्यासारखा झाला हे कुणी बोलत नाही."

"सात वेळा चढतलो मी?" बाबल.

"दक्षिण मुंबईचा एक दिवस धरला तर चढशील. पोरगी दोन स्टॉप चालणार नाही म्हणेल तेव्हा पास असेल तर उचलून बसमध्ये टाकशील. नसेल तर 12 गुणिले माणसं करत उभा राहशील."

मला हा मुद्दा पटला. लोकलमध्ये माणूस ठरवून चढतो, बसमध्ये पाय दुखले म्हणून चढतो. त्यामुळे एक दिवस बसचा पास आणि बाकी सगळं साधं तिकीट, हा माझा कौल. मास्तर शेवटपर्यंत टुरिस्ट तिकिटावर अडून राहिले. रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही आणि त्या वयात ते बरोबरच आहे. कुणीतरी मधेच एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास सुचवला, त्याला कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. बाबलच्या बायकोला एसटीत 2023 पासून तसंही अर्धंच तिकीट आहे, आणि ठाण्याहून गेटवेला एसटीने जायचा बेत अजून कुणी केलेला नाही.

शिप्याला गप्प राहवेना. "पास नको तर नको. तिकिटं तरी मोबाइलवर काढ. रेलवन अ‍ॅपवर चौघांचं एकत्र निघतं. रांग नाही, काही नाही."

तेव्हा मामी, जी इतका वेळ किसणीवर आलं किसत होती, मान वर न करता बोलली. "नि बायल खयच्या डब्यात बसतली?"

"लेडीजमध्ये," बाबल.

"तू?"

"जेन्टसात."

"मोबाइल कोणाकडे?"

बाबलने खिशावर हात ठेवला.

"टीसी लेडीज डब्यात इलो तर ती काय दाखवतली? तुझो फोटो?"

अण्णा मांडीवर थाप मारून हसले, पण हा विनोद नव्हता. बिनतिकीट सापडलं तर 250 रुपये दंड आणि वर भाडं, आणि "तिकीट मिस्टरांकडे, ते पुढच्या डब्यात" हे वाक्य टीसीने रोज ऐकलेलं असतं. मामीची बहीण लालबागला असते, ती गणपतीत जाऊन येते, तिला हे माहीत होतं. खिडकीवरसुद्धा चार माणसं एकाच कागदावर छापून देतात, म्हणून सांगून वेगळं मागायचं: एक तिकीट बाईचं नि मुलीचं, एक बाप्याचं नि मुलग्याचं. मुलगी नऊ वर्षांची, तिचं हाफ. इतक्या पासांची चर्चा झाली, त्यात डबे दोन आहेत हे एकाही पुरुषाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणखी एक भानगड पावसाची. जूनमध्ये मुंबईत दोन तास धो धो पडला की कुर्ला, सायनकडे रुळांवर पाणी. रविवारी तर पावसाशिवायही मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिराने आणि गर्दी दुप्पट. दिवस मोजून घेतलेला पास अशा दिवशी खिशात राहतो आणि तारीख मात्र उलटते. साधं तिकीट न काढलेल्या दिवसाचे पैसे घेत नाही. मास्तरांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की पाऊस रांगेतही पडतो.

शेवटी लग्नपत्रिकेच्या पाठीवर बाबलने स्वतःच्या हाताने बेत उतरवला. सोमवारी आराम. मंगळवारी दादर, सिद्धिविनायक, मेट्रो, हुतात्मा चौक, सीएसएमटीहून परत. बुधवारी सीएसएमटीला उतरून बसचा पास: म्युझियम, गेटवे, चौपाटी, हाजी अली, राणीची बाग. गुरुवारी विज्ञान केंद्र. शुक्रवारी खरेदी आणि रात्रीची गाडी. कागद त्याने अण्णांपुढे धरला, आता सही करा म्हणाल्यासारखा.

अण्णांनी चष्मा लावला, बोट ओळींवरून खाली नेलं आणि बुधवारवर थांबवलं.

"राणीची बाग बुधवारी बंद असते."

बाबलने पेन्सिल परत मागितली. मास्तर म्हणाले, गुरुवार नि बुधवार उलटे कर, पासाची तारीख तेवढी चुकवू नको. शिप्या म्हणाला, लंडनला असा प्रश्नच आला नसता. मामीने तिसरा चहा कुणाच्या नावावर लिहायचा ते विचारलं.