दारू वाईट आहे म्हणून गांजा औषध होत नाही

परवा रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हणजे मामाचं काहीतरी झालं असणार, म्हणून घाबरतच उचलला. पण तिचा आवाज वेगळाच होता, आशा लागल्यासारखा. म्हणाली, "अरे, ग्रुपवर आलंय ते वाचलंस का? गांज्यानं दारू सुटते म्हणे. मठाकडं एक बुवा बसतो त्याच्याकडं असतो, थोडा आणून ह्यांना चहातनं देऊ का?"

म्हटलं मामी, काही आणू नकोस, आधी तो मेसेज मला पाठव. नंतर बघितलं तर तोच मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर पण पडलेला. त्यात लिहिलंय ते असं: गांजा ही महादेवाची बुटी, हजारो वर्षं देशात खुली होती, १९८५ साली अमेरिकेच्या दबावामुळं बंदी आली. दारूनं लाखो मरतात, गांज्यानं आजवर एकही मेला नाही. गांज्याचं व्यसन लागत नाही. नुसता ओढला तरी दहा वर्षं जेल आणि दारूला मात्र सरकारी परवाना. कॅनडा-अमेरिकेनं मोकळा केला. आणि खाली ठळक अक्षरात, दारू सोडवायची तर दवाखान्यात पैसे घालवू नका, आठ दिवस दारू पूर्ण बंद करून गांजा द्या, दारूची आठवणसुद्धा येणार नाही.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो कारण त्यानं जीव जाऊ शकतो, आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामानं देवापुढं शपथ घेऊन दारू एकदम बंद केली. वीस वर्षं रोज पिणारा माणूस. सगळ्यांना आनंद झाला, आजीनं दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहाची बशी धरता येईना, अर्धा चहा लेंग्यावर सांडला. आम्ही म्हटलं होईल कमी हळूहळू. त्याच रात्री फिट आली. आणि तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातल्या चादरीवरच्या मुंग्या वेचत होता. एकही मुंगी नव्हती. मामी चादर झटकून झटकून दाखवत होती तरी तो चिमटीत एकेक पकडून कॉटखाली टाकत होता, मला ओळखत नव्हता, घामानं बनियन भिजलेलं. डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस घरी ठेवला असता तर सांगता आलं नसतं. पुढं तो परत प्यायला लागला.

याचं कारण सोपं आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाची सवय करून घेतो आणि उलट जोर लावत राहतो. दारू अचानक काढली की दाब जातो पण जोर तसाच राहतो. मग काही तासांत थरथर, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम. म्हणून डॉक्टर त्या दिवसांत फिट रोखणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. गांजा यातलं एकही काम करत नाही. गांजा दिलेला माणूस फारतर सुस्त पडलेला दिसेल, घरच्यांना वाटेल शांत झोप लागली, आणि यायची ती फिट येईलच. ज्याला आधीच मुंग्या दिसतायत त्याला वरून गांजा दिला तर काय होईल हे त्या मेसेजवाल्यानं एकदा तरी डोळ्यासमोर आणावं.

आणि हे "चहातनं द्या" प्रकरण नवीन नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर "न सांगता दारू सोडवा"च्या जाहिराती आपण लहानपणापासून बघतोय. नकळत दिलेल्या काही गोळ्यांवर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम खाली येतो, माणूस दगावू शकतो. न सांगता कुणाला काहीही देऊ नका.

आता व्यसन लागत नाही म्हणे, त्याचं बघू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर व्यसनांचा सर्व्हे करून घेतला, २०१९ साली तो जाहीर झाला, सगळी राज्यं त्यात होती. दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे साधारण १६ कोटी लोक. भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के, साधारण ३.१ कोटी. यातल्या दारूवाल्यांपैकी तब्बल ५.७ कोटी लोकांचं पिणं त्रासदायक पातळीला गेलेलं, म्हणजे दर तिघांत एक. आणि भांग-गांजावाल्यांत? ७२ लाख, दर चौघांत जवळपास एक. तिघांत एक आणि चौघांत एक, यात एवढा काय फरक आहे की एकाला विष म्हणायचं आणि दुसऱ्याला प्रसाद? पूर्ण आहारी गेलेले मात्र दारूत जास्त, जवळजवळ पाचात एक, आणि इकडं अकरा-बारात एक. म्हणजे दारू जास्त वाईट हे मी मान्य करतो. पण २५ लाख लोक ज्याच्या आहारी गेलेत त्याचं "व्यसन लागत नाही" हे धडधडीत खोटं आहे.

"एकही मेला नाही" यात अर्धं खरं आहे. दारू किंवा अफूच्या अतिडोसानं श्वास थांबतो तसा गांज्यानं थांबत नाही, हे खरंच. पण कोवळ्या वयात वेड लागण्याचं काय? स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या पंचेचाळीस हजार पोरांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता, १९८७ साली तो छापून आला. अठरा वर्षांपर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट निघालं. सगळा दोष गांज्याचाच असं त्यातून सिद्ध होत नाही, पण आपल्या कॉलेजच्या पोराला "नैसर्गिक आहे रे" म्हणण्याआधी एवढं माहीत पाहिजे. मेसेजला मुंबईतल्या मालवणीचा फोटो लावलाय, २०१५ ला दारूनं शंभरावर माणसं गेली ती. ती परवान्याच्या दुकानातल्या दारूनं नाही, मिथेनॉल मिसळलेल्या चोरट्या दारूनं गेली. बुवाच्या पुडीत काय मिसळलंय हे तरी कोण तपासतं?

कायद्याचं भराभर सांगतो. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं सेवन केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किलोपर्यंत गांजा सापडला तर वर्षापर्यंत कैद. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा किलोच्या वर आणि वीस किलोच्या आत, त्याच्यावर दहा ते वीस वर्षं. उपचार घ्यायला स्वतःहून तयार झालेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळायची सोय पण त्याच कायद्यात आहे, ती कुणी फॉरवर्ड करत नाही. १९८५ च्या आधी काही राज्यांत परवान्याची दुकानं होती हे खरं, पण "खुली" नव्हती, इंग्रजांच्या काळापासून त्यावर अबकारी होती. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातच भांग-गांजा आलेला आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली होती आणि त्यात गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती, अमेरिकेचा जोर होता तरी सगळं तिच्यावर ढकलता येत नाही. पानं १९८५ च्या कायद्यातल्या गांज्याच्या व्याख्येबाहेर राहिली म्हणून भांग त्यातून सुटली.

कॅनडानं २०१८ ला परवानगी दिली ती वयाची अट आणि पाकिटावर मात्रा छापून. थायलंडनं २०२२ ला मोकळा केला आणि २०२५ ला परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. हे पण बातम्यांत होतं.

एक मात्र मनापासून मान्य. आपलं दारूचं धोरण दुटप्पी आहे. महाराष्ट्रात कायद्यानं बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, वर पिण्याचा परवाना लागतो, आणि आमच्या गावात दहावीतलं पोर क्वार्टर घेऊन जातं, कुणी विचारत नाही. ज्याच्याकडं वकिलाला पैसे नाहीत तो एका चिलमीपायी अडकतो आणि दारूनं घर मोडणाऱ्याला कुणी हात लावत नाही, हा राग खरा आहे. त्या रागातून कायदा बदला म्हणा, मी पण ऐकेन. पण तो राग मामीच्या स्वयंपाकघरात चहाच्या कपापर्यंत आणू नका.

हा मेसेज ज्याच्या घरी पोचलाय आणि घरात रोज पिणारं कुणी आहे, त्यांनी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा, फोन फुकट आहे.

मामाला बुधवारी तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेतोय, मी रजा टाकलीय. तोवर दारू एकदम तोडायची नाही असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय. हे मामीला पटवायला मला पाऊण तास लागला. वीस वर्षं ती ज्या बाटलीला शिव्या देत आलीय, ती तिनं बुधवारपर्यंत स्वतःच्या हातानं मोजून द्यायची आहे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बरं, पण तू ये लवकर."