‘आपल्याकडे असे म्हातारे नसतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. पेठांतल्या मंडळांच्या, रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या, निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर नाही. मजकूर थोडक्यात असा: समलिंगी आणि तृतीयपंथी ज्येष्ठांना दवाखान्यात नीट सामावून घ्या, ही मागणी म्हणजे मुंबई-पुण्याचं खूळ, आपल्याकडे असे म्हातारे नाहीतच आणि ही आपली संस्कृतीही नाही, आजार सगळ्यांना सारखेच, डॉक्टर फरक करत नाहीत, म्हातारपणी घरचे बघतात, असल्या जोडीदाराला कायद्यानं काही हक्क नाही, हा मुळात मानसिक आजार आहे, आणि साध्या ज्येष्ठांना खाट मिळत नाही तिथं यांचे लाड कशाला?

मी परिचारिका म्हणून आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं याच गावात. हा मेसेज मला भल्या, ओळखीच्या माणसांनी पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘असे म्हातारे आपल्याकडे नाहीतच’

आहेत. ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात मंगळवारी-शुक्रवारी थोडा वेळ उभं राहिलं तरी दिसतील. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, हातात परडी, कपाळभर भंडारा अशा जोगत्यांना, देवीला वाहिलेल्या पुरुषांना, आपण लहानपणापासून बघत आलोय. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गाड्या सुटतात तेव्हा आपण त्यांच्या पाया पडतो. त्यातले बरेच जण मनानं बाईच असतात, आणि आता कित्येक साठी-सत्तरीला आलेत. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. देवळात पाया पडलेली बाईच ओपीडीत त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसायला तयार होत नाही, उठून भिंतीला टेकून उभी राहते. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

समलिंगी ज्येष्ठ दिसत नाहीत, याचं कारण वेगळं आहे. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम घातलं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 साली ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला केलं, सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली परत आणलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला ते अखेर गेलं. आज सत्तरीत असलेला माणूस त्या दिवशी साठी ओलांडून बसला होता. नोकरी, लग्नाचं वय, आई-वडिलांची आजारपणं, सगळं त्यानं आपण गुन्हेगार ठरू या धास्तीत काढलं. अनेकांची लग्नं लावून दिली गेली, मुलंबाळं झाली. असा माणूस आता ग्रुपवर हात वर करून ‘मी आहे’ म्हणेल, ही अपेक्षाच क्रूर आहे. तुम्ही पुढं ढकललेला मेसेज तोही वाचत असेल, आणि छातीत दुखलं तर कुठल्या दवाखान्यात जायचं आणि तिथं किती सांगायचं, हे त्यावरून ठरवत असेल.

राहता राहिली संस्कृती. याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि राज्यभर त्याची दखल घेतली गेली. माणसाला दुखावणारी रीत सोडून द्यायला कोल्हापूरकरांना कुणी मुंबईहून येऊन शिकवावं लागत नाही.

‘आजार सगळ्यांना सारखेच’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात रास्त वाटतो आणि रुग्णाचं सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. आजार सारखा असला तरी शरीर सारखं नसतं, आणि शरीराचा इतिहास विचारल्याशिवाय कळत नाही.

तरुणपणी निर्वाण झालेली, म्हणजे लिंग आणि वृषण काढून टाकलेली एखादी तृतीयपंथी आज पासष्टीची आहे. तिची प्रोस्टेट ग्रंथी शरीरात तशीच आहे. लघवीची वाट जागेवर नाही आणि बऱ्याचदा आखडलेली असते. अशा रुग्णाला कॅथेटर घालायचा तर आधी माहीत हवं, बारीक नळी हवी, सावकाश हात हवा. माहीत नसलेली नवखी सिस्टर जोर लावते आणि रक्त येतं. शिवाय वृषण काढल्यावर हॉर्मोन बाहेरून मिळालं नसेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात. साधं पडल्याचं निमित्त होऊन खुबा मोडतो.

उलट बाजूनं बघा. जन्मताना मुलगी म्हणून नोंदलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या, दाढी राखलेल्या एखाद्या ट्रान्स ज्येष्ठाला गर्भाशय असेल, तर गर्भाशयमुखाचा कॅन्सरही होऊ शकतो. पण केसपेपरवर ‘पुरुष’ म्हटल्यावर तो प्रश्न कुणी विचारत नाही, आणि रक्तस्राव झाला तरी तो स्वतःहून सांगत नाही. लॅबचा रिपोर्टसुद्धा घ्या. हिमोग्लोबिन 12.5 आलं तर बायकांच्या रकान्यात ते नॉर्मल, पुरुषांच्या रकान्यात कमी. कुठला रकाना लावायचा, हे तो माणूस कुठली हॉर्मोन घेतो त्यावर ठरतं. ती घेतो का, हे विचारायला डॉक्टरांना आणि सांगायला त्याला, दोघांनाही संकोच वाटला तर रिपोर्ट चुकीचा वाचला जातो.

बायकांवर प्रेम करणारी, लग्न न केलेली ज्येष्ठ बाई तर कुणाच्या हिशेबातच नसते. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बाई पहिल्यांदा जाते ती बहुधा बाळंतपणासाठी. जिचं बाळंतपणच झालं नाही तिची तपासणी साठीपर्यंत होत नाही. मूल न झालेल्या स्त्रियांना स्तनांच्या कॅन्सरचा धोका तुलनेनं जास्त असतो. आणि ‘लग्न झालंय का?’ या पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की गर्भाशयमुखाची तपासणी गरजेचीच नाही असं धरलं जातं. पण हा कॅन्सर ज्यामुळं होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बाईकडून बाईलाही होतो.

एचआयव्हीचंही तसंच. सरकारी केंद्रांतून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या 2004 पासून मोफत मिळू लागल्या, त्यामुळं तेव्हाची चाळिशीतली माणसं आज साठी पार करून नीट जगताहेत. त्यांना बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या गोळ्याही आहेत आणि काही गोळ्या एकमेकींना मारक ठरतात. ‘या वयात कशाला एचआयव्हीचं विचारायचं’ हा संकोच इथं थेट धोक्याचा आहे. सगळ्यांना एकाच मापानं बघणं म्हणजे भेदभाव न करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वॉर्डात येऊन पाहावं.

‘घरचे बघतात, जोडीदाराला हक्क नाही’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, दवाखान्याचं नाव घेत नाही. मंगळवार पेठेत दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहायचे, दोघंही सत्तरीच्या आसपास. त्यातले एक उद्यमनगरातल्या फौंड्रीतून निवृत्त झालेले. ते बाथरूममध्ये घसरून पडले, खुबा मोडला. दुसऱ्यांनी रिक्षात घालून आणलं. काउंटरवर विचारलं, “काका, तुम्ही कोण त्यांचे?” ते म्हणाले, “मित्र.” उत्तर आलं, “मित्र चालत नाही ओ, घरचं माणूस बोलवा.” गडहिंग्लजहून भाचा यायला संध्याकाळ झाली. पास एकच, तो भाच्याला मिळाला. काका खाली गेटपाशी.

भाचा वाईट नव्हता. धावतपळत आला, पैसे भरले, सही केली. पण कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारल्यावर म्हणाला, “बीपीची असेल एखादी.” रुग्णाला वेदनाशामकाची गुंगी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीतून भूल देऊन ऑपरेशन ठरलं होतं. ड्यूटी संपवून खाली उतरले तर काका अजून तिथंच, मांडीवर प्लॅस्टिकचा डबा. आत गोळ्यांच्या पट्ट्या, प्रत्येकीवर पेननं ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहिलेलं. त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी होती, ठोके अनियमित होते म्हणून दिलेली. मी डबा घेऊन परत वर गेले. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर तपासणी करायला कुणी सांगितलंच नव्हतं. केली तर आकडा 3 च्या वर. एवढ्या पातळ रक्तावर पाठीत सुई गेली असती आणि मज्जारज्जूपाशी रक्त साठलं असतं तर पाय कायमचे गेले असते. ऑपरेशन पुढं ढकललं, रक्त ठिकाणावर आल्यावर केलं. नंतर काकांना खाटेपाशी बसू दिलं, तेही एका समजूतदार डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर.

आता कायद्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, हे खरं. त्यावरून जोडीदाराला दवाखान्यात काहीच स्थान नाही असा निष्कर्ष निघत नाही. शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते, घरच्यांची सही तिच्या जागी चालत नाही. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं रुग्णाच्या आईनं दिलेल्या संमतीबाबतही हेच सांगितलं. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर कुणाच्याच सहीसाठी थांबायला बांधील नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, मानसिक आजाराच्या उपचारासाठी आपला प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या आरोग्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं; जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा पार्थिव जोडीदाराच्या ताब्यात देण्याचा मुद्दाही त्यात होता. त्याच महिन्यात बँकांबाबत खुलासा झाला की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. उपचाराचा पैसा खात्यातूनच येतो, त्यामुळं हेही आजारपणाचंच काम.

अमेरिकेत 2007 साली मायामीत एक बाई जहाजाच्या सहलीला निघताना मेंदूतल्या रक्तस्रावानं कोसळली. तिच्या जोडीदार बाईला आणि मुलांना जवळपास आठ तास तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, आणि ती गेली. त्यानंतर एप्रिल 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आदेश काढला की भेटायला कोण येणार हे रुग्ण ठरवेल, आणि सरकारी आरोग्यविम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना तो नियम लागू झाला. त्या देशभर समलिंगी विवाह कायदेशीर झाला तो 2015 साली. लग्नाच्या हक्काची वाट न बघता खाटेजवळ बसायचा हक्क देता येतो, तो तिथं पाच वर्षं आधी दिला गेला.

‘हा मानसिक आजार आहे’

नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 साली तेच सांगितलं. ती ‘बरी’ करून देतो म्हणून उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 साली कळवलंय. आयुष्यभर लपून राहिल्यानं म्हातारपणी नैराश्य येतं, झोप उडते, त्यावर मात्र उपचार हवेत आणि ते मिळाले पाहिजेत.

‘साध्या ज्येष्ठांना खाट नाही, यांचे लाड कशाला?’

खाटा कमी आहेत, हे मला मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकून मी रुग्ण सांभाळलेत. पण इथं जादा खाट कुणी मागत नाही. कुठल्या नावानं हाक मारू हे विचारणं, बाई म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी आजीला पुरुषांच्या वॉर्डात सगळ्यांदेखत कपडे काढायला न लावता पडदा ओढणं, ‘घरचं माणूस’ कोण हे रुग्णाला ठरवू देणं, एवढीच मागणी आहे. याला एक रुपया लागत नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी हे 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातच आहे आणि तिला कुणी लाड म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेतून 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यात जोगतीणही येते. पण आधारवर पुरुषाचं नाव, समोर लुगडं नेसलेली म्हातारी, आणि ऑपरेटर मोठ्यानं विचारतो, “हे कार्ड तुमचंच काय?” मागची रांग हसते. ती परत येत नाही, आणि पुढच्या वेळी पाय काळा पडल्यावरच दवाखान्यात आणली जाते. खाट अडते ती तेव्हा, कित्येक आठवडे.

गावात ज्येष्ठ नागरिकांसाठी साखर-रक्तदाबाची शिबिरं होत असतात. त्यांच्या फॉर्मवर ‘पती/पत्नी/मुलगा’ असा रकाना असतो, तिथं ‘तुमची जवळची व्यक्ती आणि फोन नंबर’ एवढं छापा. विधुर, एकट्या राहणाऱ्या विधवा, मुलं परदेशात असलेले आई-बाप, सगळ्यांचीच त्यानं सोय होईल.

आणि मंगळवार पेठेतल्या त्या काकांसारखे जे कुणी हे वाचत असतील त्यांना सांगते. मानसिक आजारासाठीचा प्रतिनिधी आजच कागदावर नेमून ठेवा. बाकीच्या आजारांसाठीही, मी शुद्धीत नसेन तर माझ्याबद्दल कुणाला विचारायचं आणि कुणाला आत सोडायचं, हे स्वतःच्या अक्षरात लिहून, तारीख घालून, सही करा. त्याला त्या कायद्याइतकं बळ नाही, पण केसपेपरला लावलेला असा कागद डावलणं डॉक्टरांना अवघड जातं. खाली चालू गोळ्यांची यादी डोससकट लिहा. एक प्रत पाकिटात ठेवा, एक जोडीदाराकडे, आणि भरती होताना पहिल्यांदा तीच पुढं करा.