मोनोलिथ आणि सत्तावीस चहा

प्रोजेक्टर लावून दिला तसे साहेब म्हणाले, "थँक यू. आता जरा बाहेर बसा, लागलं तर बोलावतो." आत विषय होता कंपनीच्या संगणक-यंत्रणेचं नवं आर्किटेक्चर. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलंय 'सिस्टिम आर्किटेक्ट'.

बसलो. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, कुरिअरवाल्या पोराशेजारी. आमचं सॅप, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, जुनं आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतो, हे मी चार मेलांत कळवलं होतं. साहेबांना ते कुठल्याशा परिषदेत जेवणाच्या रांगेत कळलं, आणि तेव्हा ते खरं झालं.

दार न वाजवता आत जायची मुभा फक्त कँटीनवाल्या काकांना. दांडिया बाजारातले, वय ६७. ट्रे घेऊन आत, बातमी घेऊन बाहेर.

"सगळं ढगात जाणार," पहिली फेरी.

"क्लाउडवर?"

"तेच ते. पावसाळ्याआधी."

दुसऱ्या फेरीला चेहरा उतरलेला. "अहो, हा मोनोलिथ कोण?"

"का?"

"त्याला फोडायचाय. बारीक बारीक तुकडे करायचे म्हणे. सगळ्यांनी माना हलवल्या. तुमच्या ओळखीतला?"

"बारा वर्षं मीच सांभाळतोय त्याला."

काकांनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी कोण कोण असतं त्याच्या?"

मोनोलिथ म्हणजे माणूस नव्हे, खरेदी, स्टोअर, पगार सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये गुंतलेलं असतं ते, असं समजावल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आमचा वाडा! एका तुळईवर सहा बिऱ्हाडं. पोरानं मॉड्युलर किचनपायी मधली भिंत पाडली. आता वरच्या वहिनींची मोरी आमच्या ओट्यावर गळते. म्हटलं, गवंड्याला विचारलंस का? तर म्हणे, गवंड्याला काय विचारायचं!"

आर्किटेक्ट मंडळींचं बडोद्यात तसंही फारसं बरं झालेलं नाही. लक्ष्मी विलास राजवाडा आखणारा चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. काम रॉबर्ट चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टनं पुरं केलं, १८९० मध्ये. इमारत कोसळेल या धास्तीनं मँटचं डोकं फिरलं, असं सांगतात. त्याला निदान नकाशा तरी काढू दिला होता.

सगळं आयटीच्या हाती द्या, असं मी म्हणत नाही. तीन वर्षं खरेदी आणि स्टोअरला विनवतोय, एकच मटेरियल कोड वापरा. त्याच बोल्टला इकडे एक नंबर, तिकडे दुसरा. कारण दोन्ही खात्यांचे प्रमुख तीन-चार दिवाळ्यांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. माणसं जशी आपसात बोलतात, तशीच संस्थेची यंत्रणा घडते, हे मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. त्या दोघांना समोरासमोर बसवायला साहेबच हवेत. माझ्या सहीनं स्टोअरमधून माऊससुद्धा निघत नाही. पण रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन मलाच येतो, तेव्हा कुणी 'बाहेर बसा' म्हणत नाही. राग येतो. काल आला, आज लिहितानाही येतोय.

तिसऱ्या फेरीनंतर टाळ्या ऐकू आल्या. साहेब बाहेर पडताना म्हणाले, "मस्त झालं हं!" मला म्हणाले की प्रोजेक्टरला, कळलं नाही.

मागून काका आले, कानावरचं पेन काढत. "सत्तावीस चहा, नऊ प्लेट शेव-उसळ. इथं सही करा."

"मी?"

"साहेब म्हणाले, प्रोजेक्ट आयटीचा आहे."