पायाखालची नळी

आज सकाळी भाचीने माझे एक जुने छायाचित्र 'दुरुस्त' करून मला पाठवले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. तिचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. "मामा, तुमचा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघा कसला झकास झालाय," असा निरोप, आणि त्याखाली कुठल्याशा अ‍ॅपने रंगवलेला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला मी. घरच्या ग्रुपवर तोवर अंगठ्यांची आणि 'किती तरुण दिसताय' अशा शेऱ्यांची रांग लागली होती. दिसणारच. त्या छायाचित्रात मी तरुणच होतो, त्यासाठी अ‍ॅपला कष्ट देण्याची गरज नव्हती.

मूळ छायाचित्र असे आहे. एका रिकाम्या खोलीत मी स्टुलावर बसलो आहे, मांडीवर माझा पहिला कॅमेरा, एकाखाली एक अशा दोन लेन्सचा यशिका मॅट १२४जी, दोन्ही हातांनी धरला आहे, आणि उजव्या बुटाखालून एक काळी रबरी नळी निघून फरशीवरून वळसे घेत चौकटीच्या कोपऱ्यातून बाहेर जाते. नळीच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉडवर माझा दुसरा कॅमेरा, पेंटॅक्स के१००० होता. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना ठाऊक असेल की १९७६ साली आलेल्या आणि पुढे वीसेक वर्षे निघत राहिलेल्या त्या दणकट यंत्रात सेल्फ-टायमर नावाची चीजच नव्हती. म्हणून एअर रिलीज. एका टोकाला मुठीत मावेल एवढा रबरी फुगा, मध्ये लांबलचक नळी, आणि दुसऱ्या टोकाला शटरच्या बटणात आटे फिरवून बसवायची बारीक दांडी. फुगा दाबला की नळीतली हवा दांडीला ढकलते आणि शटर उडते. माझे दोन्ही हात यशिकाने अडवलेले होते, म्हणून फुगा पायाखाली.

अ‍ॅपने ती नळी पुसून टाकली. ओरखडा वाटला असेल किंवा कचरा, देव जाणे. तिच्या जागी एकसारख्या फरशा भरल्या, फुगाही नाहीसा केला, आणि उरला माझा पाय, टाच टेकलेली आणि चवडा अधांतरी, जणू काही बसल्या बसल्या मी एखाद्या गाण्यावर ताल धरला आहे. यशिकाच्या खालच्या लेन्सभोवतीची अक्षरे 'स्पष्ट' करण्याच्या भरात त्याने अशी काही चिन्हे कोरली आहेत की जगातल्या कोणत्याही लिपीत ती सापडणार नाहीत. शर्टाला निळा रंग दिला. तो शर्ट विटकरी होता. पण ते त्या अ‍ॅपला कळणार तरी कसे? पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्मवर विटकरी आणि निळा हे दोन्ही रंग एकाच छटेच्या करड्यात उतरू शकतात, आणि एकदा करडा झालेला रंग परत मागता येत नाही. त्याने अंदाज केला आणि तो अंदाज इतक्या आत्मविश्वासाने रंगवला की आता माझ्या घरातली निम्मी माणसे तो शर्ट निळाच होता असे शपथेवर सांगतील.

चेहऱ्याविषयी तर बोलायलाच नको. ट्राय-एक्स ४०० ही फिल्म मी त्या दिवशी १६०० वर मारली होती, म्हणजे ती आहे त्याच्या चौपट संवेदनशील धरली होती, कारण खिडकीतून येणारा उजेड बेताचा होता आणि मला एफ/८, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान, हवे होते. अशा दोन स्टॉप पुश केलेल्या, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवलेल्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे दाणा, जाडसर येतो, सावल्या काळ्याभोर होतात. हे मला माहीत होते आणि मला तेच हवे होते. ग्रेन म्हणजे निगेटिव्हमधली चांदी आहे, ती चेहऱ्यावर साचलेली धूळ नव्हे. ती काढून टाकल्यावर मागे राहतो तो दुकानाच्या काचेमागचा पुतळा.

कुणी म्हणेल, तुम्ही लोक काय रिटचिंग करत नव्हता? करत होतो. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवणारे कसबी लोक होते आणि प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरण्यात माझ्याही अनेक रात्री गेल्या आहेत. बरोबर आहे तुमचे. पण तो ब्रश धरणाऱ्याला आपण काय झाकतो आहोत हे ठाऊक असे. भिजून, फाटून गेलेला आईचा एकुलता एक फोटो या अ‍ॅपमुळे कुणाला परत मिळत असेल तर त्याच्याविरुद्ध मी ब्र काढणार नाही. माझा फोटो मात्र भिजलेला नव्हता, फाटलेलाही नव्हता.

त्या नळीविषयी आणखी थोडे सांगतो, कारण राग त्याच गोष्टीचा आहे. स्टुलावर आपण बसलेलो नसताना आपल्यावर फोकस कसा करायचा? मी कॅमेऱ्याची बॅग स्टुलावर उभी केली, तिच्या पट्ट्याच्या बकलावर फोकस जुळवला, फरशीवर स्टुलाच्या पायांपाशी खडूने खुणा केल्या, मग बॅग काढून स्वतः बसलो. फुगा दाबल्यावर हवा नळीतून पुढे सरकायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे शटर नेमके कधी उडेल हे बसणाऱ्याला कळत नाही, फक्त पलीकडून आवाज येतो. त्या छायाचित्रात माझ्या चेहऱ्यावर जो काहीसा कान देऊन ऐकणारा भाव आहे, तो त्या आवाजाच्या प्रतीक्षेचा आहे. मग उठायचे, लिव्हर ओढून फिल्म पुढे घ्यायची, पुन्हा येऊन बसायचे. चित्र कसे आले ते डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि हायपो यांतून फिल्म बाहेर येईपर्यंत समजत नसे. हा सगळा खटाटोप ज्या एका वस्तूत दिसत होता, तीच वस्तू अ‍ॅपने कचरा म्हणून बाजूला काढली.

आणि ती चुकून चौकटीत राहिली होती असे तर अजिबात समजू नका. कोपरा कापून टाकणे एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राखाली, दोन मिनिटांचे काम होते. उलट प्रिंट करताना फरशीच्या त्या भागावर मी हात धरून प्रकाश अडवला, डॉजिंग केले, जेणेकरून फरशी उजळ राहावी आणि काळी नळी तिच्यावर उठून दिसावी.

स्वतःचे छायाचित्र स्वतः काढणाऱ्याची अडचण पहिल्यापासून हीच आहे: एकाच वेळी दोन ठिकाणी कसे असावे. १८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरचे छायाचित्र, काढला. सर्वांत जुन्या सेल्फ-पोर्ट्रेटांमध्ये तो गणला जातो. त्यात केस विस्कटलेले आहेत, हाताची घडी आहे आणि माणूस चौकटीच्या मध्यावर नसून एका कडेला सरकलेला आहे. लेन्स उघडी करून समोर जाऊन बसायचे म्हटले की आपण मध्यावर आहोत की नाही हे बघायला मागे कुणी नसते. उद्या एखादे अ‍ॅप त्यालाही मध्यावर आणून बसवेल आणि भांग पाडून देईल. छायाचित्रकाराची सावली चौकटीत येता कामा नये, हा पहिला धडा आम्हा सगळ्यांना मिळालेला, आणि ली फ्रीडलँडर या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये समोर चालणाऱ्या बाईच्या पाठीवर पडलेली आपली सावली मुद्दाम टिपली. ती सावली पुसली तर उरते काय? एक पाठमोरी बाई.

आज दुपारी रागाच्या भरात मी जुना खोका खाली काढला आणि राग तिथेच थोडा निवला. आरशासमोर काढलेली माझी छायाचित्रे लागोपाठ बघताना एक गोष्ट प्रथमच जाणवली. यशिकाच्या काळातल्या प्रत्येक छायाचित्रात माझी मान खाली आहे, कारण त्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात चित्र छातीपाशी, वरच्या काचेत बघायचे असते, तेही डावे-उजवे उलटे. पेंटॅक्स आल्यावर मान वर झाली, पण अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागे गेला. विव्हियन मायर या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी रोलायफ्लेक्स हा तसाच दोन लेन्सचा कॅमेरा छातीशी धरून दुकानांच्या काचांत आणि आरशांत स्वतःची किती तरी छायाचित्रे काढली. चौकट एकदा ठरली की नजर उचलून सरळ आरशात बघायची सोय त्या जातीच्या कॅमेऱ्यात होती, आणि त्यांच्या काही छायाचित्रांतली ती थेट नजर त्यातूनच आली आहे. मला मात्र ते धाडस कधी झाले नाही, फोकस हलेल या धास्तीने मी काचेतच डोके घालून बसलो. कोणता कॅमेरा होता हे माझ्या मानेवरून सांगता येते, एवढे ते यंत्र माझ्या चेहऱ्यात उतरले आहे.

दोन्ही कॅमेरे अजून आहेत. के१००० च्या मागच्या झाकणाचा फोम विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता, तो खरवडून नवा लावला. त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बटण नाही, लेन्सवर टोपी लावली की मीटर झोपतो आणि काढली की सेल खाऊ लागतो, ही खोड अजून तशीच. यशिकाच्या मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. तिला सेल्फ-टायमर आहे, पण इतक्या जुन्या शटरचा टायमर चढवायचा नसतो, मध्येच अडकला तर सगळे शटर उघडावे लागते.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ग्रुपवर मी जरा तिखट लिहिले होते. "मामा, मला खरंच वाटलं ती वायर कसली तरी घाण आहे," ती म्हणाली. तिला सगळे सांगितले, फुगा, नळी, बॅगेच्या बकलावरचा फोकस. फोनच्या पडद्यात स्वतःला बघतच वाढलेल्या मुलीला, चौकटीत आपण नसताना आपली जागा आखून ठेवणे ही कल्पनाच नवी होती, त्यात तिचा दोष काहीच नाही. तिने दोनदा विचारले, "म्हणजे पायाने क्लिक केलंत?" आणि मग ती हसली. तिच्यावरचा माझा राग तिथे संपला. अ‍ॅपवरचा संपलेला नाही आणि खरे सांगायचे तर, न विचारता 'आता किती छान झाला' म्हणणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढांवरचाही नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो मूळ प्रिंट माझ्या भिंतीवर पाहिला आहे. तुमच्या तरी लक्षात यायला हवे होते.

मूळ निगेटिव्हचे नवे स्कॅन पहिल्या कॉमेंटमध्ये टाकत आहे, ग्रेनसह, धुळीच्या एकदोन ठिपक्यांसह. ज्यांच्याकडे जुनी निगेटिव्ह असतील त्यांनी प्रयोग करायचेच असतील तर प्रतीवर करावेत आणि मूळ स्कॅनला हात लावू नये. आणि एक विनंती: माझ्या एअर रिलीजच्या फुग्याचे रबर चिरले आहे आणि दाबल्यावर हवा तिथूनच निसटते. कुणाकडे वापरात नसलेला, लांब नळीचा पडून असेल तर कळवावे. आटे बहुतेक कॅमेऱ्यांचे सारखेच असतात, काही जुन्या लायका आणि निकॉनचे तेवढे वेगळे, त्यामुळे ते सोडून कोणत्याही कंपनीचा चालेल.