सीपीयूच्या पोटातली चिठ्ठी

आज दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो माझ्या साताऱ्यातील दुकानासमोर थांबला, त्यात सात सीपीयू एकावर एक रचलेले होते. कामाचे सुटे भाग निघतात का हे पाहण्यासाठी मी एकाचे झाकण उघडले, तर आतून चिकटपट्टीने लावलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. "रॅम काढून खोडरबरने पुसली. सेल बदलला. चालू झाला." खाली तारीख आणि 'इयत्ता आठवी'. ते अक्षर मी ओळखले आणि त्यानंतर दिवसभर माझे कामात लक्ष लागलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर मी बामणोलीहून लाँचने कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडील एका शाळेत गेलो होतो. सातही संगणक आवरणाखाली बंद पडून होते. चालू केले की नुसता बीप-बीप आवाज येई, पडद्यावर काहीच नाही. चार महिने पाऊस आणि धुके झेललेल्या खोलीत रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य पाटीशी, त्यांचा संपर्क तुटतो, घडले होते ते एवढेच. मी आठवीतील एका मुलीच्या हातात खोडरबर दिला. "सर, मोडला तर?" असे तिने घाबरत विचारले. बंदच पडलेला आहे, बिनधास्त पूस, असे मी सांगितले. परतीची लाँच सुटेपर्यंत सातांपैकी पाच संगणक सुरू झाले होते. दवाखान्यात केसपेपर असतो तसे काय केले ते लिहून आत चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल, असेही मी मुलांना सांगून आलो.

पुढचा माणूस आलाच नाही. मीही गेलो नाही, आणि हे मला आज फार लागले आहे.

आपल्याकडे संगणक वाटण्याची हौस दांडगी आहे. फीत कापली जाते, नारळ फुटतो, फोटो निघतो. पण पहिल्या पावसाळ्यानंतर ते यंत्र उघडणार कोण, हा प्रश्न त्या मांडवात कोणीही विचारत नाही. शेतीपंपाची मोटार जळाली तर आपल्या जिल्ह्यात लहानशा बाजाराच्या गावातही ती भरून देणारा माणूस सापडतो, कारण पाणी थांबले की ऊस वाळतो आणि ते डोळ्यांना दिसते. खोऱ्यातील पोरांचे शिकणे वाळले तर ते कोणाला दिसत नाही, याचा मला संताप येतो.

एमएस-सीआयटीने गावोगावच्या मुलांचे हात कळफलकावर आणले, तेवढे मान्य. पण त्या शिक्षणात झाकण उघडले जात नाही. मला खोऱ्यात असे केंद्र हवे आहे, जिथे संगणक शिकणे आणि दुरुस्त करणे एकाच टेबलावर चालेल. त्यासाठी एक कोरडी खोली, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, ब्लोअर, चार जादा एसएमपीएस (सीपीयूला वीज पुरवणारे डबे) आणि लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली भरलेला पेनड्राइव्ह एवढे सुरुवातीला पुरे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून जुने संगणक निकामी झाले असे सर्रास सांगितले जाते. त्यांतील बहुतेकांवर हलके लिनक्स घालून टंकलेखन, हिशेब आणि शाळेचा अभ्यास उत्तम चालतो. विजेचा दाब कमी-जास्त होऊन एसएमपीएस जातो, तारीख-वेळ जपणारा सेल संपतो, पंख्यात धूळ बसून यंत्र तापते : माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी अशीच असतात आणि ती आठवीच्या मुलीला शिकवता येतात. मी ते पाहिले आहे.

शिकवणाऱ्याचा पगार कोठून येणार, असे विचारले जाईल. प्रश्न योग्य आहे आणि पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पण ज्या जिल्ह्यात १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका हे ज्या मातीने देशाला दाखवले, तिथे दुरुस्तीच्या मजुरीतून केंद्राचा थोडा तरी खर्च निघू शकतो, हे समजावून सांगावे लागू नये. एक सीपीयू दाखवण्यासाठी आज माणसाला लाँच, मग कासच्या घाटाची गाडी आणि अख्खा दिवस घालवून साताऱ्याला यावे लागते. त्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा नवा सेल कितीतरी स्वस्त आहे.

ती मुलगी आता अकरावीत असेल. शिकत असेल ना, की तिचेही शाळेनंतर थांबले, हा विचार सारखा येतो आहे.

सातही सीपीयू मी विकत घेतले आहेत. चिठ्ठीचा सीपीयू संध्याकाळी उघडून रॅम पुसली, सेल बदलला, तो सुरू झाला. चिठ्ठी मी काढलेली नाही. तिच्याखाली आजची तारीख लिहिली आहे. येत्या रविवारी सकाळी बामणोलीच्या धक्क्यावर मी असेन. पलीकडच्या गावांत गळत नसलेली, वीज असलेली एखादी खोली कोणाच्या माहितीत असेल, तर येथे लिहा किंवा सरळ धक्क्यावर या.