आधी वर्गणी, मग कविता

परत तेच! दिवाळी अंकासाठी कविता मागवल्या म्हणून दोन पाठवल्या, तर संपादकांचा निरोप, "आधी ५०० रुपये वार्षिक वर्गणी भरा, मग विचार करू." अहो, वाचल्या का, एवढं तरी सांगा! मानधनाचं सोडाच (ते मी कधीच सोडलंय), इथे लिहिणाऱ्यानेच खिशात हात घालायचा. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून सुरू झालेली परंपरा ही, आणि आता अशी वसुली! प्रातिनिधिक कवितासंग्रहवाले (अनेक कवींच्या कविता एका पुस्तकात छापणारे) तर आणखी पुढचे. पानामागे पैसे, वर पाच प्रती विकत घ्या, मग सन्मानचिन्ह. तसली तीन घरात धूळ खातायत. परवा ती पुसताना बायको म्हणाली, "यातलं एक तरी फुकट मिळालंय का हो?"