भांडण झालंय? चला, डोळे मिटू या!

दीक्षाविधी झाला, गळ्यात पांढरी कॉलर आली, पहिली मंडळी, म्हणजे सांभाळायला पहिलं चर्च, मिळालं. अभिनंदन, पाळकसाहेब! आता भांडणं येणारच. चर्च म्हटलं की कमिटी आली, आणि कमिटी आली की... असो. सेमिनरीत ग्रीक-हिब्रू शिकवलं असेल, हे शिकवलं नसेल, म्हणून आगाऊपणा करतो.

भांडणाला भांडण म्हणूच नका. "सैतान मंडळीत काम करतोय" म्हणा. सैतानाकडे हिशेब मागता येत नाही, त्यामुळे खजिनदारही निवांत.

दोन्ही पार्ट्यांकडे जेवायला जा. दोघांनाही "तुमचंच बरोबर आहे" म्हणा.

पेटी-तबला की कीबोर्ड-ड्रम, हा वाद सोडवायचा नसतो. आठ वाजता एक भक्ती, दहाला दुसरी. डायसिसच्या (बिशपसाहेबांच्या विभागाच्या) अहवालात 'मंडळीची वाढ' म्हणून छान दिसतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या १८ व्या अध्यायावर चुकूनही उपदेश करू नका. तिथं भलतंच लिहिलंय : आधी एकट्यानं जाऊन भावाशी बोल, मग एक-दोघांना बरोबर ने, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आपल्याकडे आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग बिशपसाहेबांना अर्ज, मग धर्मादाय आयुक्त. ज्याच्याशी भांडण, त्याच्याशी बोलणं थेट कब्रस्तानात, तेही तिसऱ्याच कुणाच्या दफनाला. भावानं भावाला कोर्टात खेचावं याची लाज वाटू द्या, असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात बजावलंय. ते कुणाला आठवत नाही. १९५० च्या ट्रस्ट कायद्याचं कलम २२ मात्र पोराटोरांनाही पाठ. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट!

आणि आता रामबाण. प्रार्थना.

आमच्याकडे परवा हंगामाच्या सणाचा, म्हणजे चर्चला वाहिलेल्या वस्तूंचा, लिलाव झाला. एक गावठी कोंबडा तिघांच्या चढाओढीत हजाराच्या वर गेला. भोपळे, केक, नारळ, सगळं चर्चच्या छपरासाठी. छप्पर अजून गळतंय. वार्षिक सभेत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी उभं राहून एवढंच विचारलं, "लिलावाचे पैसे कुठल्या खात्यात भरलेत?" खजिनदार लालबुंद. पाळकसाहेबांनी हात वर केले. "आपण डोळे मिटू या." आणि सुरू : "हे प्रभू, आमच्यातल्या काहींच्या मनातलं कटुतेचं मूळ उपटून टाक..." काहींच्या! अख्खा हॉल डोळे मिटून बाईंकडे बघत होता. प्रार्थनेला हरकत घेता येत नाही, मध्ये बोलावं तर देवाच्या कामात अडथळा. वर शेवटी 'आमेन' म्हणायचं, म्हणजे आपल्याच विरुद्धच्या ठरावाला आपलंच अनुमोदन! पुढच्या रविवारी उपदेश कशावर? याकोब ३, जीभ आवरा. नजर बाईंच्या बाकावर. इतिवृत्तात नोंद : 'सभा प्रार्थनेने संपली.' प्रश्नाचा मागमूस नाही. ज्या बाईंनी निम्म्या कमिटीला संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा शिकवल्या, त्या आता दुसऱ्या चर्चला जातात. आठवी आज्ञा, 'चोरी करू नको', बहुतेक शिकवायची राहिली.

यातूनही काही उरलंच, तर बदलीची वाट बघा.

आता आमच्याच पाळकांना सांगतो : साहेब, पुरे झालं आता. येशूच्या शिष्यांच्या अगदी पहिल्या मंडळीतही भांडण झालं होतं, तेही वाटपावरून. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी त्या विधवांची कटुता काढायला प्रार्थना केली का? सगळ्या शिष्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला लावली आणि वाटप त्यांच्याकडे सोपवलं. सातही नावं ग्रीक आहेत. काढा प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, वाचा. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती कारभार! प्रार्थना झाली ती निवड झाल्यावर, त्या सातांच्या डोक्यावर हात ठेवून. अंत्युखियात पौलानं पेत्राला तोंडावर सुनावलं. येशूच्या पट्टशिष्याला! आणि तुमच्यानं खजिनदाराकडे एक पासबुक मागवत नाही? शांती शांती काय करता, खजिनदाराची सोय आहे ती. छपराला पैसे देणाऱ्यांत पेन्शनवर जगणारी माणसं आहेत, धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या पैशांचं विचारलं तर ती कटुता?

बाईंच्या घरी जा, एकटे जा, माफी मागा. येत्या रविवारी भक्तीनंतर पासबुक आणि पावतीपुस्तकं हॉलमधल्या टेबलावर ठेवा, ज्याला बघायचंय त्याला बघू द्या. खजिनदार रुसले तर रुसू देत.